निळी गाढवीण, बोलणारी गाय आणि फलटणची नात

समलिंगी संबंधांविषयी न्यायालयाची बातमी आली की साताऱ्याहून मावशीचा फोन येतो. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांना, समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून मोकळं केलं, तेव्हा आला होता. १७ ऑक्टोबर २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं समलिंगी विवाहाचा हक्क मान्य करायला नकार दिला, तेव्हा आला. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराच्या याचिका फेटाळल्या गेल्या, तेव्हाही आला. मावशीनं आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. तिचे प्रश्न खरे असतात, त्यांत टोमणा नसतो. मागच्या खेपेला ती म्हणाली, "कायद्याचं मला कळतं गं. पण अशी बाई आतून कशी जगते, हे कुणी लिहिलंय का? आपल्याकडच्या कुणी?"

म्हटलं, लिहिलंय. फलटणच्या नातीनं.

ती नात म्हणजे सुनीती नामजोशी. त्या इंग्रजीत लिहितात, त्यामुळे मराठी घरांत त्यांचं नाव फारसं पोचलेलं नाही. पोचलंच तर "गाढवा-माकडांच्या गोष्टी लिहिणाऱ्या" एवढंच. मावशीला फोनवर जे सांगितलं, ते इथे जरा सविस्तर मांडते आहे.

आधी दोन शब्दांचा अर्थ

पहिला शब्द 'क्वियर'. इंग्रजीत याचा मूळ अर्थ विचित्र, चमत्कारिक. समलिंगी माणसांना हिणवण्यासाठी तो शिवीसारखा वापरला जायचा. साधारण १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्याच माणसांनी तो स्वतःहून उचलला आणि आपलं नाव म्हणून लावला. आता तो एक मोठी छत्री आहे. पुरुषावर प्रेम करणारा पुरुष, स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री, तृतीयपंथी, आणि ठरलेल्या चौकटीत न बसणारे बाकीचेही तिच्याखाली येतात. स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रीला 'लेस्बियन' म्हणतात. नामजोशी स्वतःसाठी हाच शब्द वापरत आल्या आहेत.

दुसरा शब्द आपल्या ओळखीचा आहे, बोधकथा. पंचतंत्र, हितोपदेश, इसाप. प्राणी बोलतात आणि शेवटी काहीतरी शिकवून जातात. नामजोशींनी हा घाट घेतला, पण शेवटचं तात्पर्य काढून टाकलं. त्यांची गोष्ट संपते तिथे वाचकाच्या डोक्यात प्रश्न सुरू होतो.

फलटण, पुणे, टोरांटो, डेव्हन

जन्म १९४१, मुंबई. आई सरोजिनी फलटणच्या नाईक-निंबाळकर राजघराण्यातली. वडील मनोहर नामजोशी बंगळुरूला विमानांच्या चाचण्या घेणारे वैमानिक होते. १९५३ मध्ये विमान कोसळून ते गेले, तेव्हा सुनीती बारा वर्षांची होती. शिक्षणाचा काही काळ तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्तींच्या ऋषी व्हॅली शाळेत गेला, पुढे पुण्यात. १९६४ मध्ये त्या भारतीय प्रशासकीय सेवेत दाखल झाल्या.

आयएएसची नोकरी, घराण्याचं नाव, पुढचा रस्ता आखलेला. हे सगळं सोडून त्या शिकायला अमेरिकेत मिसुरीला गेल्या. तिथून कॅनडात, माँट्रियलच्या मॅक्‌गिल विद्यापीठात एझ्रा पाउंड या कवीवर पीएच.डी. केली. १९७२ पासून टोरांटो विद्यापीठात इंग्रजी शिकवलं. पुढे इंग्लंडला गेल्या आणि जिलियन हॅन्सकम या कवयित्रीबरोबर डेव्हन परगण्यात घर केलं.

या प्रवासातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९६८ मध्ये सरोजिनी आणि सुनीती या मायलेकींनी मिळून गोविंदाग्रजांच्या कवितांचं इंग्रजी भाषांतर केलं आणि कोलकात्याच्या रायटर्स वर्कशॉपनं ते छापलं. राम गणेश गडकऱ्यांची मराठी इंग्रजीत नेणं म्हणजे काय काम असतं, हे ज्यानं वाग्वैजयंती उघडून पाहिली आहे त्याला सांगायला नको. 'परक्या भाषेत लिहिणारी परदेशी बाई' म्हणून त्यांना बाजूला सारण्याआधी हे पुस्तक आठवावं.

चपला बाहेर काढून आत या

क्वियर असणं आणि स्थलांतरित असणं एकत्र आलं की नेमकं काय होतं? साधी कल्पना करा. तुम्हाला तीन घरांत जायचं आहे. प्रत्येक दारावर पाटी आहे, चपला बाहेर काढून आत या. पण चपलांच्या जागी इथे स्वतःचाच एकेक भाग काढून ठेवावा लागतो.

माहेरी जाताना, आपलं प्रेम कुणावर आहे हे दाराबाहेर ठेवायचं. कॅनडातल्या विद्यापीठात शिरताना आपली भाषा, आपले देव, आपलं लहानपण बाहेर ठेवायचं, कारण तिथे 'साहित्य' म्हणजे मुख्यतः गोऱ्या पुरुषांनी लिहिलेलं. आणि स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या स्त्रियांच्या बैठकीत, जिथे अखेर मोकळं वाटायला हवं, तिथे बाकी जवळजवळ सगळ्या गोऱ्या. सावळ्या कातडीचा विषय काढला की बैठकीचा रंग बदलतो. तिन्ही घरांत माया असू शकते, पण पुरतं माणूस म्हणून आत जाता येत नाही.

हा नुसता भावनांचा मामला नव्हता, कायदाही तसाच होता. भारतात १८६० च्या दंडसंहितेतलं कलम ३७७ होतं. ते स्त्रियांवर क्वचितच लागलं, पण त्याची सावली सगळ्यांवरच होती. अमेरिकेनं १९५२ च्या कायद्यानं समलिंगी परदेशी माणसांना दार बंद केलं आणि ते १९९० पर्यंत उघडलं नाही. कॅनडानं १९६९ मध्ये दोन प्रौढांचे खासगीतले संबंध गुन्ह्यातून काढले, तरी समलिंगी स्थलांतरितांना मज्जाव करणारं कलम १९७८ पर्यंत पुस्तकात होतं. म्हणजे जवळपास दहा वर्षं परिस्थिती अशी की कॅनडातल्या नागरिकाला जे चालतं, तेच बाहेरून येणाऱ्याला सीमेवर अडवायला पुरेसं. ज्या काळात सुनीती नामजोशी टोरांटोत शिकवत होत्या, त्यातलीच ही वर्षं.

मग प्राणीच का?

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. पाश्चात्त्य साहित्यात 'माणूस' हा शब्द सरसकट सगळ्यांसाठी असल्यासारखा वापरतात, पण त्याच्या मध्यभागी पुरुष उभा असतो. स्त्री त्याच्या बाहेर, जिथे पशुपक्षी आहेत तिथे. नामजोशींनी हे ओळखलं आणि वेगळीच वाट घेतली. आम्हालाही माणसांत घ्या म्हणून दार ठोठावत बसण्यापेक्षा त्या पशुपक्ष्यांच्या शेजारीच जाऊन बसल्या आणि तिथून बोलू लागल्या. हे त्यांना सहज जमलं, कारण गायीला, माकडाला, गाढवाला आत्मा असतो ही गोष्ट आपल्याकडे कुणाला पटवून द्यावी लागत नाही.

मराठी वाचकाला तर हे चटकन कळायला हवं. पैठणला ज्ञानेश्वरांना आणि त्यांच्या भावंडांना संन्याशाची पोरं म्हणून धर्मानं बाहेर ठेवलं, तेव्हा वेद कुणाच्या तोंडून आले? रेड्याच्या. ज्यांना आत घ्यायला शास्त्री तयार नव्हते, त्यांच्या बाजूनं जनावर बोललं. आख्यायिका म्हणून सोडून देतो आपण ती, पण ती गोष्ट इतकी शतकं टिकली याला काहीतरी कारण असेल ना?

१९८१ मध्ये लंडनच्या शीबा या स्त्रियांनी चालवलेल्या छोट्या प्रकाशनानं 'फेमिनिस्ट फेबल्स' काढलं. बहुतेक गोष्टी पानभराच्या. त्यातल्या एकीत काशीचा एक गरीब ब्राह्मण विष्णूकडे मुलगा मागतो आणि देव त्याला मुलगी देतो. बाप हिरमुसतो, पण मुलीला विद्या शिकवतो. मग दोघं तपाला बसतात. देव प्रसन्न होतो. बाप पुन्हा मुलगाच मागतो. देव म्हणतो, पुढच्या जन्मी. पुढच्या जन्मी तो ब्राह्मण बाई होतो आणि आठ मुलगे जन्माला घालतो. देव मुलीला विचारतो, तुला काय हवं? ती म्हणते, मला माणूस म्हणून दर्जा हवा. यावर देव अडखळतो, हे अवघड आहे म्हणतो आणि एक आयोग नेमतो.

मावशी यावर फोनवर खळखळून हसली आणि मग बराच वेळ गप्प राहिली. त्या गोष्टीचं काम झालं होतं.

"हे जन्मजात असतं की यांचा हट्ट?"

हा प्रश्न घरोघरी येतो. डॉक्टरांना विचारतात, न्यायालयात विचारतात, लग्नाच्या बैठकीत कुजबुजतात. याला नामजोशींचं उत्तर १९८८ च्या 'द ब्लू डाँकी फेबल्स' या संग्रहात आहे, आणि मला ते आजवर वाचलेल्या सगळ्या उत्तरांत नेमकं वाटतं.

एक निळी गाढवीण लाल पुलाशेजारी राहत असते. नगराच्या कारभाऱ्यांना ती रंगसंगती खटकते. पुलाशेजारी गाढव असलंच तर शुभ्र हवं, नाहीतर त्यानं निघून जावं. दुसरा पक्ष म्हणतो, गाढव पांढरं कधी नसतंच, ही मागणी अन्यायाची आहे, तेव्हा तिनं निदान करड्या रंगाचं व्हावं. यावरून वाद पेटतो. निळेपणा हा तिचा दोष की तिचा हेका? शेवटी तिलाच विचारायला जातात. ती गुलाबी गाजर खात असते. रंग बदल, नाहीतर जा, असं सांगितल्यावर तिचं उत्तर दोन टोकांचं असतं: जमणार नाही, आणि करणारही नाही.

ते उत्तर नीट पाहा. 'जमणार नाही' म्हटलं की एक गट म्हणतो, बिचारी, जन्मजात खोट आहे. 'करणार नाही' म्हटलं की दुसरा गट म्हणतो, बघा, माजोरी. दोन्ही गटांनी गृहीत धरलेलं असतं की निळेपणाचं स्पष्टीकरण द्यायला हवं. गाढवीण दोन्ही शब्द एकदम बोलते आणि ते गृहीतच काढून घेते. वर विचारते, मी चांगली धडधाकट गाढवीण आहे, तुम्हाला काय झालंय? आणि सल्ला देते, पुन्हा बघा. लोक बघतात, भांडतात, पुन्हा बघतात. हळूहळू बहुतेकांना सवय होते. थोड्यांना ती सुंदर वाटू लागते आणि ते तिच्यासाठी निळी फुलं घेऊन येतात.

ज्या १९८८ मध्ये हा संग्रह आला, त्याच वर्षी ब्रिटनमध्ये 'कलम २८' लागू झालं. समलिंगी संबंधांना 'उत्तेजन' देणारं काहीही करायला या कलमानं स्थानिक नगर परिषदांना मनाई केली. इंग्लंडमध्ये ते २००३ पर्यंत टिकलं. गोष्टीतले नगराचे कारभारी आणि खरे कारभारी एकाच वर्षी भेटावेत, हा योगायोग असेलही. वाचताना मात्र अंगावर काटा येतो.

"हे सगळं तिकडचं खूळ आहे"

या आक्षेपाला प्रामाणिक उत्तर द्यायचं तर दोन भाग करावे लागतील. चळवळीची भाषा नामजोशींना इंग्लंडमध्ये मिळाली, हे खरं आहे. १९७८-७९ मध्ये विद्यापीठातून रजा घेऊन त्या तिथे राहिल्या आणि स्त्रीवादी, समलिंगी चळवळ जवळून पाहिली. आपलं दुखणं एकट्याचं नाही, हे कळण्यासाठी कुणाच्या तरी संगतीत बसावं लागतं. ती संगत त्यांना तिथे भेटली.

पण प्रेम तिथे शिकलं, असं म्हणता येत नाही. शिक्षा मात्र खरोखरच बाहेरून आली. कलम ३७७ ब्रिटिशांनी लिहिलं. आणि नामजोशींनी आपलं म्हणणं मांडायला जे वापरलं, ते पंचतंत्र, कामधेनू, जन्मोजन्मीचे फेरे, ते तर माहेरचंच सामान होतं.

मराठीतही तेव्हा शांतता नव्हती. ज्या १९८१ मध्ये 'फेमिनिस्ट फेबल्स' आलं, त्याच वर्षी विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक रंगभूमीवर आलं. स्त्रीवर प्रेम करणारी मित्रा तेंडुलकरांनी धाडसानं आणि कळवळ्यानं उभी केली, पण तिची गोष्ट आत्महत्येपाशी संपते. नामजोशींची गाढवीण त्याच काळात फुलं फुलदाणीत ठेवते. दोन्ही खरं आहे. मला एवढंच वाटतं की आपल्या पिढीच्या हातात दोन्ही पुस्तकं पडायला हवी होती.

"घरातलं चव्हाट्यावर कशाला?"

साध्या प्रेमकवितेपासून सुरुवात करू. कवितेत एखाद्या स्त्रीच्या डोळ्यांचं, केसांचं वर्णन आलं की वाचक मनात बोलणारा पुरुष उभा करतो. खाली बाईचं नाव असलं तरी म्हणतो, पुरुषाच्या भूमिकेतून लिहिलंय. म्हणजे गप्प राहणाऱ्या कवयित्रीचं प्रेम नुसतं खासगी राहत नाही, ते दुसऱ्याच्या नावावर चढतं. इंग्रजीत 'मी' आणि 'तू' यांना लिंग नसल्यानं हे आणखी सोपं होतं. मराठीत क्रियापदच सांगून टाकतं, आले की आलो. १९८६ मध्ये नामजोशी आणि हॅन्सकम यांनी 'फ्लेश अँड पेपर' हा एकमेकींना लिहिलेल्या कवितांचा संग्रह दोघींच्या नावानं काढला. कोण कुणाला बोलते आहे, याबद्दल शंका ठेवली नाही. सात-बाऱ्यावर आपलं नाव असावं, असं आपण म्हणतो ना, तितकीच साधी मागणी आहे ही.

"मग बायकांचं राज्य आलं की सगळं ठीक?"

नामजोशींनी आपल्या बाजूच्या लोकांनाही सोडलं नाही, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

१९८५ च्या 'द कॉन्व्हर्सेशन्स ऑफ काउ' या छोट्या कादंबरीत सुनीती नावाचीच नायिका आहे. पुरुषांपासून पूर्ण वेगळं राहायचं, अशी तिची भूमिका. तिला कामधेनू भेटते. नाव भद्रावती, ब्राह्मणी गाय, आणि तीही लेस्बियन. म्हणजे परदेशात गेलेल्या गायीनंही जात सोडलेली नाही, हे पहिल्याच भेटीत कळतं. या कादंबरीत माणसांची विभागणी 'अ' आणि 'ब' वर्गांत केली आहे. अ वर्गाची माणसं ऐसपैस पसरून बसतात आणि ब वर्गाची माणसं जागा व्यापल्याबद्दलही माफी मागतात. एसटीच्या तीन जणांच्या बाकावर कधी बसला असाल, तर आणखी समजावायला नको. पुढे भद्रावती रूपं पालटत जाते, पुरुषही होते. सुनीतीची तर दोन माणसं होतात. मी नेमकी कोण, या प्रश्नाला एकच कायमचं उत्तर असायला हवं का, इथवर ती गाय तिला नेऊन सोडते.

१९८९ ची 'द मदर्स ऑफ माया दीप' ही कादंबरी आणखी पुढे जाते. राणीसाहेबांचं राज्य असलेलं बेट, आईपण हीच तिथली सर्वात मोठी सत्ता. निळी गाढवीण, ज्यान्वी नावाची कवयित्री आणि व्हॅलरी तिथे पाहुण्या म्हणून जातात. बेट सुंदर आहे, पण तिथे मुलग्यांना माणूस म्हणून जागा नाही. सत्तेच्या खुर्चीत कोण बसलंय ते बदललं, खुर्ची तीच राहिली.

"राजघराण्यातल्या बाईला हे परवडतं"

मावशीचा शेवटचा प्रश्न हाच होता, आणि तो सर्वात टोकदार होता. आयएएस सोडून परदेशी जाता येणं, इंग्रजी हाताशी असणं, मागे घराणं असणं, हे किती जणींच्या वाट्याला येतं? मुंबईत १९९५ मध्ये 'स्त्री संगम' नावानं स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या स्त्रिया एकत्र येऊ लागल्या. त्यातल्या अनेकींपाशी यातलं काहीच नव्हतं.

हा प्रश्न नामजोशींनी स्वतःला विचारला. २००० मध्ये 'गोजा' हे आत्मकथेच्या जवळ जाणारं पुस्तक आलं. गोजा म्हणजे घरात काम करणारी बाई, जिनं त्यांना लहानपणी सांभाळलं, माया दिली. दुसरीकडे आजी, राणीसाहेब, पुस्तकात तिचं नाव गोल्डी. दोघीही आता नाहीत. लेखिका दोघींना समोर बसवते आणि बोलायला लावते. ज्या घरानं मला घडवलं, त्याच घरानं गोजाला जमिनीवर बसवलं. ज्या हातांनी मला भरवलं, त्यांना मी काय दिलं? निळ्या गाढविणीला वाळीत टाकलं जातं, तेव्हा आपण तिच्या बाजूनं असतो. इथे लेखिका कबूल करते की दुसऱ्या एका पुलावर कारभारी आपलेच लोक होते. प्रेमावरून जिला बाहेर ठेवलं गेलं, तिनं जातीवरून आणि पैशावरून बाहेर ठेवलेल्या बाईकडे वळून पाहणं, हे मला त्यांच्या सगळ्या लिखाणातलं सर्वात धीराचं काम वाटतं.

वाचायला सुरुवात कुठून करावी, असं कुणी विचारलं तर मी 'फेमिनिस्ट फेबल्स' सांगते. इंग्रजी सोपं आहे, एक गोष्ट पाच मिनिटांत होते. घरात मुलं असतील तर नामजोशींची अदिती नावाच्या मुलीच्या गोष्टींची पुस्तकं आहेत, ती त्यांनी मुळात भाचीसाठी लिहायला घेतली होती. आणि वेळ काढता आला तर 'गोजा'.

मावशीला मी 'गोजा'च पाठवलं. तीन आठवड्यांनी तिचा फोन आला, या वेळी कुठलीही बातमी नव्हती. म्हणाली, "हळूहळू वाचतेय, शब्दकोश घेऊन." मग थोडं थांबली. "आमच्या वाड्यात काम करायची ती पारू आठवते तुला? माझी वेणी तीच घालायची. अकरा वर्षं होती आमच्याकडे. काल रात्री आठवून बघितलं, तिचं आडनाव काय होतं ते मला माहीतच नाही गं."